पदवीनंतरची पाटी : मनाचे आरोग्य सांभाळणाऱ्यांच्या शिक्षणाची गोष्ट

कोणत्याही कामाचा आरंभ झाला की आपण 'श्रीगणेशा केला' असे म्हणतो. पाटीवर पहिले अक्षरही गजाननाचे नाव घेऊनच गिरवले जाते. शिकण्याच्या आरंभाला आपल्या भाषेत असा खास शब्द आहे. पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत आपण नंतर रूढ केली.

काही व्यवसायांत ही समजूत चालून जाते. माणसाच्या मनाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांच्या बाबतीत ती महागात पडते. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, वस्तीत फिरणारे कार्यकर्ते हे सगळे पदवी घेतल्यानंतर पुन्हा पुन्हा शिकत राहिले नाहीत तर काय होते, आणि ते शिकत राहावेत म्हणून आपल्या देशात कोणी काय केले, याचा हा थोडक्यात आढावा आहे. त्यात पुण्या-मुंबईचा वाटा मोठा आहे, गोव्याचा आहे आणि आपल्या बडोद्याचाही आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या जुन्या वाड्यांतल्या एखाद्या मागच्या खोलीत राहणारे काका, 'जरा तऱ्हेवाईक' म्हणून सोडून दिलेली आत्या, लग्न जमवताना ज्यांचे नाव घेतले जात नसे असे कोणी, बहुतेक मोठ्या कुटुंबांना अशा आठवणी असतात. आज परिस्थिती बदलली आहे. मुले परदेशी, घरात दोघेच म्हातारे, नातवंडांवर परीक्षांचा ताण. लोक आता समुपदेशकाकडे जातात, उघडपणे जातात. म्हणूनच ज्याच्याकडे जायचे तो कधी, कुठे आणि किती शिकला, हा प्रश्न घरचा झाला आहे.

कुलपाचा काळ

इंग्रजी अमदानीत १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी कायदे झाले, त्यानंतर १९१२ चा 'इंडियन लूनसी अ‍ॅक्ट' आला. या कायद्यांचा मुख्य हेतू वेडसर ठरलेल्या माणसाला समाजापासून वेगळे ठेवणे हा होता. उपचार दुय्यम होते. साहजिकच तिथल्या नोकरांना लागणारे शिक्षणही पहारेकऱ्याचेच होते. किल्ल्या सांभाळणे, मोजदाद करणे, कोणी पळून जाऊ नये हे पाहणे. १९२० च्या सुमारास 'असायलम' हे नाव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव आले, पण पाटी बदलली म्हणून आतला माणूस बदलत नाही. रांचीचे ओवेन बर्कली-हिल यांच्यासारखा एखादाच अधीक्षक शिक्षणाची सोय करण्यासाठी धडपडत होता.

सेवेलाही शिक्षण लागते

दुसरीकडे, महाराष्ट्रात त्याच काळात एक वेगळा विचार रुजत होता. समाजसेवेला नुसती कळकळ पुरत नाही, तयारी लागते, हा तो विचार. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे शिकाऊ म्हणून काढावी लागतील असा नियमच घातला. धोंडो केशव कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ काढला तो संस्थांसाठी कार्यकर्ते घडवण्याकरता. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका, सुईण म्हणून तयार करण्याचे काम तिथे झाले. ससून रुग्णालयात मुलींना शिकायला पाठवताना घरच्यांची समजूत घालणे हेच त्या वेळी मोठे काम होते. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली.

या सगळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. दुसऱ्याच्या दुःखात हात घालायचा तर हात स्वच्छ हवा आणि शिकलेलाही हवा.

बडोद्याला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. एवढ्यावर न थांबता १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. शाळा सुटलेल्या माणसाचेही शिक्षण चालू राहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. आज ज्याला 'निरंतर शिक्षण' म्हणतात, त्याचे बीज या पेट्यांत होते.

नागपाडा, देवनार आणि बडोदे

समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे हे मान्य झाले ते १९३६ मध्ये. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या गिरणी कामगार वस्तीत 'नेबरहूड हाउस' चालवत होते. वस्तीत काम करताना त्यांना शिकलेल्या कार्यकर्त्यांची उणीव भासली. टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि पुढे १९५४ मध्ये संस्था देवनारला गेली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या संस्थेची तीन कामे महत्त्वाची. १९३७ मध्ये तिने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. हट्टी, घाबरट, अंथरूण ओले करणारी, शाळेत न रमणारी मुले तिथे येत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आईवडिलांशीही बोलले जाई. १९४० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' हे नियतकालिक सुरू झाले. पदवी घेऊन दूरच्या गावी गेलेल्या कार्यकर्त्याला नवे विचार पोचवणारे ते पहिले भारतीय साधन. आणि १९४८ मध्ये गौरी राणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय व मनोविकारविषयक समाजकार्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. रुग्णालयातला रोगी बरा होऊन घरी जातो तेव्हा घर त्याला स्वीकारते का, हे पाहणारा माणूस या विभागाने घडवला.

पुढे लगेच १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. त्यांच्या कारकिर्दीत, १९५० मध्ये, येथे समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. वर्गात शिकायचे आणि आठवड्याचे ठरावीक दिवस वस्ती, रुग्णालय, कारखाना, शाळा येथे जाऊन काम करायचे, त्याची नोंदवही मार्गदर्शक शिक्षकापुढे ठेवायची, ही क्षेत्रकार्याची शिस्त तेथे लागली. आपल्यातल्या अनेक कुटुंबांतल्या मुली घराबाहेर पहिल्यांदा पडल्या त्या अशा विद्याशाखांतून. महाराष्ट्रात मुंबईची निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांनी पुढे हेच काम मराठी मुलखात पसरवले.

खाटा दहा हजार, माणसे लाखो

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा आरोग्यविषयक अहवाल आला. भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. अहवालातले मनोरुग्णालयांचे चित्र भयंकर होते. इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे एक खाट, तर हिंदुस्थानात ४० हजारांमागे एक. साऱ्या देशात मिळून खाटा दहा हजारांच्या आसपास. समितीने इमारतींपेक्षाही शिकलेल्या माणसांच्या तुटवड्यावर बोट ठेवले. त्यातून १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ मध्ये तिचीच 'निम्हान्स' झाली.

याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधा पण धाडसी प्रयोग केला. रुग्णाला आत टाकून घरच्यांना बाहेर पाठवण्याऐवजी त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला बोलावले. आजार काय आहे, औषध का द्यायचे, काय बोलायचे, काय टाळायचे हे ते घरच्या लोकांना रोज समजावीत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. नातेवाईक शिकले हे तर झालेच, पण घरात काय चालते हे डॉक्टर आणि परिचारिकाही या तंबूंतून शिकल्या.

कामावरच्यांची शाळा

इतक्या मोठ्या देशाला पुरतील इतके तज्ज्ञ कधी तयार होणार? हे गणित जुळणारे नव्हते. म्हणून १९७५ पासून दोन ठिकाणी नवे प्रयोग झाले. बंगळूरजवळ सकलवारा येथे निम्हान्सने, आणि चंदिगडच्या संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणी येथे, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांना थोड्या मुदतीचे प्रशिक्षण दिले. हे लोक आधीच नोकरीत होते. त्यांना नवी पदवी नको होती. फेफरे, उदासी, भ्रम ओळखता यावेत, चार-पाच औषधे नीट वापरता यावीत, आणि कोणाला पुढे पाठवायचे हे कळावे, एवढेच हवे होते. या अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. बळ्ळारी जिल्ह्यात त्याची चाचणी झाली आणि १९९६ पासून तो जिल्हावार लागू होऊ लागला.

पुढच्या काही धड्यांची किंमत संकटांनी वसूल केली. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर तिथल्या डॉक्टरांना लोकांच्या मनावरचा आघात ओळखण्याचे शिक्षण द्यावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली. घरे बांधून देता येतात, पण ज्याचे सारे कुटुंब ढिगाऱ्याखाली गेले त्याच्याशी काय बोलायचे, हे पदवीच्या पुस्तकात नव्हते. पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था त्या वेळी नवी होती. तिच्या लोकांना तिथे जाऊन शिकतच काम करावे लागले. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप तर आपण सर्वांनी येथे बडोद्यातही अनुभवला. तोपर्यंत गावातल्याच कार्यकर्त्यांना काही दिवसांत तयार करायचे, धीर कसा द्यावा, ऐकून कसे घ्यावे हे शिकवायचे, ही पद्धत बसली होती. किल्लारीला जे उमगले ते भुजला उपयोगी पडले.

महाराष्ट्रात याच काळात संस्थांनीही शिक्षणाचे काम अंगावर घेतले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे शिकून दुसऱ्यांना आधार देणारी झाली. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 'आयपीएच' ही संस्था काढली आणि मनाच्या आरोग्यावर मराठीत बोलण्याची सवय लोकांना लावली.

विसरणेही शिकावे लागते

नवे शिकण्याइतकेच जुने टाकून देणे महत्त्वाचे आहे, आणि ते जास्त अवघड आहे. याचे सर्वांत दुःखद उदाहरण स्वमग्नतेचे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे पहिले वर्णन केले. पुढे अमेरिकेत एक मत फैलावले की आई थंड, मायाहीन असली की मूल असे होते. १९६० च्या दशकात ब्रुनो बेटलहाइम यांच्या लेखनाने या मताला मोठी प्रतिष्ठा मिळाली. बर्नार्ड रिमलँड, जे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते, त्यांनी १९६४ मध्येच हे मत खोडले होते. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिक कारणांचा भक्कम पुरावा पुढे आला. आता विचार करा, १९६५ मध्ये शिकून बाहेर पडलेला आणि नंतर एकही पुस्तक न उघडलेला सल्लागार १९८५ मध्ये समोर बसलेल्या आईला काय सांगत असेल? आधीच खचलेल्या बाईला तिच्या मुलाच्या अवस्थेची दोषी ठरवणे, हे शिकणे थांबवण्याचे फळ.

दुसरे उदाहरण समलिंगी आकर्षणाचे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजारांच्या यादीतून काढले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१८ मध्ये आला. मधल्या वर्षांत 'बरे करण्यासाठी' किती तरुणांना किती त्रास दिला गेला असेल! तिसरे उदाहरण आत्महत्येच्या प्रयत्नाचे. पूर्वी तो गुन्हा होता आणि घरचे लोक पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात खोटे सांगत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले, आणि त्याला मदत देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. हा बदल ज्या डॉक्टरला किंवा हवालदाराला माहीत नाही, तो आजही जुन्याच भाषेत धमकावतो.

गोव्यातला धडा

गोव्याचा आणि मनाच्या विद्येचा संबंध जुना आहे. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया पॅरिसला जाऊन संमोहनशास्त्राचे एक आद्य अभ्यासक ठरले. पणजीतला त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच गोव्यात १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगथ' ही संस्था काढली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून त्यांनी प्राथमिक दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवले. २०१० मध्ये या कामाचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. सरकारी दवाखान्यांत उदासी आणि चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा स्पष्ट दिसला. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सुरुवातीचे वर्ग संपल्यावर या समुपदेशकांना वाऱ्यावर सोडले नाही. रुग्णाच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रित करायचे, मग सगळ्यांनी एकत्र बसून ते ऐकायचे, कुठे घाई झाली, कुठे उपदेश केला, कुठे नीट ऐकले, यावर एकमेकांना गुण द्यायचे. सरावाने त्यांचे गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गंडा बांधला म्हणून गवई होत नाही; रोज रियाज आणि कान टोचणारा कोणीतरी लागतो.

गुण आणि कायदा

आज या शिक्षणाला कायद्याचाही आधार आहे. डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे २००२ च्या आचारनियमांत म्हटले आहे. १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. ती ठरावीक मुदतीने नवी करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. समाजकार्यकर्त्यांना मात्र अशी देशव्यापी चौकट फार उशिरा मिळू लागली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय व मनोविकारविषयक समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. २०१७ च्या कायद्याने तर सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्याची, आणि पोलिसांनाही वेळोवेळी जागरूक करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

मात्र गुण आणि ज्ञान एक नव्हेत. हॉटेलात भाषण, जेवण आणि प्रमाणपत्र असा कार्यक्रम करूनही तास भरतात. भारत सेवक समाजातली पाच वर्षे, बडोद्याच्या विद्यार्थ्याची नोंदवही, अमृतसरचे तंबू आणि गोव्यातली ध्वनिफीत यांत एक गोष्ट समान आहे. तिथे शिकणाऱ्याचे काम दुसरा कोणीतरी पाहत होता आणि चुकले तर सांगत होता. प्रमाणपत्र नेमके तेवढेच देऊ शकत नाही.

आपण काय करावे

आपण शिकवणारे नाही, पण मागणी करणारे आहोत. गरज पडली तर समुपदेशकाला विनासंकोच विचारावे, 'तुमचे शिक्षण काय? नोंदणी कुठे आहे? अलीकडे काय नवे शिकलात? अडचणीच्या वेळी तुम्ही कोणाचा सल्ला घेता?' चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. तातडीच्या वेळी २०२२ पासून चालू असलेला 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तो घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये आजच भरून ठेवावा.

मंडळाच्या पातळीवरही एक करता येईल. आपल्या व्याख्यानमालेतले एक पुष्प दरवर्षी या विषयाला द्यावे. समाजकार्य विद्याशाखेतले शिक्षक आणि विद्यार्थी इथेच, आपल्या शहरात आहेत. त्यांना बोलवावे, आणि आपल्या निवृत्त शिक्षक-परिचारिकांनी त्यांच्याकडून नीट ऐकून घेण्याची विद्या शिकावी. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायला पदवी लागत नाही, पण कसे बसावे हे मात्र शिकावे लागते.

महाराजांच्या काळी पुस्तकांची पेटी खेड्यात पोचली की लोक ती उघडून वाचत, परत करत आणि पुढच्या पेटीची वाट पाहत. ती वाट पाहण्याची सवय आपण मोडू नये. गणपती बाप्पा मोरया!